'चेक' या शब्दाचा हिशेब

"चेकचा माल चेक करून घ्यावा व चेक पाठवावा."

कापडाच्या धंद्यात अशा मजकुराची चिठ्ठी कोणालाही नवी नाही. वाक्य एक, शब्द एक, तो आला तीनदा आणि तिन्ही वेळा अर्थ निराळा. पहिला चेक म्हणजे चौकडीचे कापड, दुसरा म्हणजे तपासणी आणि तिसरा म्हणजे बँकेचा धनादेश. दुकानातला नवा पोऱ्यासुद्धा हे वाक्य वाचून गोंधळत नाही. तागे मोजतो, तपासतो आणि चिठ्ठी मुनीमजींच्या पुढे ठेवतो.

आमच्या मोर्शीत हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतो. एस.टी.त चेकर चढतो. दवाखान्यात चेकअप होते. मध्य प्रदेशची हद्द जवळ असल्याने चेकपोस्टही सर्वांना ठाऊक आहे. ज्याने इंग्रजीचे एक अक्षर गिरवले नाही असा शेतकरीही दुकानात येऊन "सेठ, बारीक चेक्सचा शर्टपीस दाखवा नं," असे सहज म्हणतो. एवढे अर्थ एकाच शब्दाला कसे चिकटले? आणि ते जाणून व्यापाऱ्याला काय मिळणार? आमच्या मते मिळण्यासारखे पुष्कळ आहे. या शब्दाचा जुना अर्थ ध्यानात राहिला, तर व्यवहारातले एक मोठे नुकसान टळू शकते. ते कसे, हे क्रमाने पाहू.

बादशहापासून सुरुवात

हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाही. त्याचे मूळ फारसी आहे आणि ते आपल्या ओळखीचे आहे: शाह, म्हणजे राजा.

बुद्धिबळाचा खेळ मूळचा हिंदुस्थानचा. त्याचे संस्कृत नाव चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना. खेळ इराणात गेला तेव्हा त्याचे चतरंग झाले. पुढे तो अरबांकडे गेला. अरबी लिपीत 'च' नाही आणि 'ग' नाही, म्हणून चतरंगचे शतरंज झाले. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांना खेळाचे हेच नाव लहानपणापासून माहीत आहे.

या खेळात समोरच्याच्या राजावर मारा आला की खेळाडू "शाह!" असे म्हणून त्याला सावध करीत असे. अरबांबरोबर खेळ स्पेन व इटलीकडून युरोपात पसरला आणि हा इशाराही बरोबर गेला. लॅटिन भाषेत त्याचे रूप 'स्काकस' असे झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून खेळाचे इंग्रजी नाव 'चेस' बनले. म्हणजे चेस आणि चेक ही एकाच घरची भावंडे आहेत. 'शाह मात' या दोन शब्दांचेच पुढे 'चेकमेट' झाले.

मराठीत हा शब्द दोन वाटांनी आला, ही गोष्ट आम्हांला फार मौजेची वाटते. पहिल्या वाटेने, थेट फारसीतून, 'शह' आला. शह देणे, काटशह देणे, शह आणि मात असे आपण राजकारणाच्या बातम्यांतही रोज वाचतो. दुसऱ्या वाटेने तोच शब्द अरबस्तान, फ्रान्स व इंग्लंड असा मोठा फेरा मारून, साहेबी टोपी घालून 'चेक' म्हणून आला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा मराठी बातम्यांत शह होता आणि इंग्रजी बातम्यांत चेक. शब्द मुळात एकच.

आता अर्थ कसा वाढला ते पाहा. राजाला शह बसला की खेळणाऱ्याला थांबावे लागते. दुसरी कोणतीही खेळी बाजूला ठेवून आधी राजा सांभाळावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे थांबवणे, अडवणे, आवर घालणे. अडवले की पाहणी होते, म्हणून चेक म्हणजे तपासणे. नाक्यावर गाडी आधी थांबते आणि मग तपासली जाते. चेकपोस्ट या शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. थांबणे आणि पाहणे, हा या शब्दाचा गाभा समजावा.

चौकडीचे कापड आणि सरकारी तिजोरी

कापडाचा चेक आला तो बुद्धिबळाच्या पटावरून. पटावर जशी घरे असतात तशी घरे ज्या कापडावर, ते चेकचे कापड. आपल्याकडे या कापडाला चौकडी हा मराठी शब्द आहे आणि उर्दूत चारखाना. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून जो कापडाचा माल नेत असे, त्याच्या यादीत हा चारखाना इंग्रजी उच्चाराने मोडलेल्या रूपात सापडतो. आपले नाव त्यांच्या वहीत गेले आणि त्यांचे नाव आपल्या दुकानात आले, असा हा अदलाबदलीचा सौदा झाला.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे इंग्लंडच्या सरकारी तिजोरीला नाव मिळाले ते एका कापडावरून. तेथील अर्थमंत्र्याला आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणतात. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे जमाखर्चाचे अधिकारी एका मोठ्या मेजाभोवती बसत. हे मेज सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे. त्यावर काळे कापड अंथरलेले असे आणि त्या कापडावर रेघा आखून घरे पाडलेली असत. जिल्ह्याजिल्ह्याचे वसुली अधिकारी वर्षातून दोनदा तेथे हजर होऊन हिशेब देत. त्या काळी त्यांच्याकडे रोमन आकडे होते. त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे म्हणजे डोकेफोड. म्हणून कापडावरच्या घरांत सोंगट्या ठेवून हिशेब मांडला जाई. एक घर पेनींचे, एक शिलिंगांचे, एक पौंडांचे, पुढे विसाचे, शंभराचे, हजाराचे. येणे किती आणि भरले किती, हे समोरासमोर उघड दिसे. अक्षरशून्य माणसालाही फसवणे कठीण जाई.

ते मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे म्हणून त्याला एक्स्चेकर हे नाव पडले. पुढे मेज गेले, कापड गेले, सोंगट्या गेल्या आणि नाव राहिले. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

चेकचे कापड चेक कसे करावे

शब्दाची चर्चा करता करता ग्राहकांच्या उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. चेकचे कापड दोन तऱ्हांचे असते. एक विणाईतला चेक आणि दुसरा छापील चेक. विणाईतल्या चेकमध्ये सूत आधी रंगवतात, मग ताण्यात व बाण्यात, म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांत, ठरावीक अंतरावर रंगीत धागे घालून चौकडी उठवतात. छापील चेकमध्ये साधे कापड विणून त्यावर चौकडी छापतात. पहिल्याला मेहनत अधिक, म्हणून भावही सहसा अधिक.

फरक ओळखायला मोठी विद्या लागत नाही. कापड उलटे करून पाहावे. विणाईतला चेक दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. छापील चेक बहुधा उलट्या बाजूने फिका दिसतो. दुसरी खूण अशी की, सुती कापड फाडले तर ते धाग्याच्या रेषेत फाटते. विणाईतल्या चेकमध्ये रंगीत रेघ हाच धागा असल्याने फाड रेघेबरोबर सरळ जाते. छापील चेकमध्ये छपाई किंचित तिरपी असेल तर फाड एकीकडे आणि रेघ दुसरीकडे जाते. अशा कापडाचा शर्ट कितीही चांगल्या शिंप्याने शिवला तरी वाकडा दिसतो आणि बोल मात्र शिंप्याला लागतो.

मोठ्या चौकडीचे कापड घेताना थोडे जास्त घ्यावे. समोरच्या दोन पल्ल्यांची, खिशाची व बाह्यांची घरे जुळवायची तर शिंप्याला कापड सरकवून कापावे लागते आणि त्यात काही भाग वाया जातो. दुकानदार जास्त कापड माथी मारतो अशी काही ग्राहकांची तक्रार असते. कारण समजले की तक्रार राहत नाही.

बँकेचा चेक

आता तिसऱ्या चेककडे वळू. बँकेच्या कागदाला चेक का म्हणतात? चेकबुकातून चेक फाडल्यावर बुकात जो तुकडा उरतो, ज्याला आपण काउंटर किंवा स्थळप्रत म्हणतो, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुळात त्याला चेक म्हणत. रकमेत कोणी फेरफार केला तर या तुकड्याशी ताडून लबाडी पकडता येई. तपासणीसाठी राखलेला तुकडा म्हणून तो चेक. हळूहळू हे नाव बुकात उरणाऱ्या तुकड्याकडून फाडून दिलेल्या कागदाकडे गेले. अमेरिकेत आजही त्याचे स्पेलिंग तपासणीच्या चेकसारखेच आहे. इंग्लंडने वेगळे स्पेलिंग धरले ते वर सांगितलेल्या एक्स्चेकरच्या वळणावर.

आपल्या लोकांत असेही सांगितले जाते की, हा शब्द अरबी 'सक्क' पासून निघाला. सक्क म्हणजे रक्कम देण्याचा लेखी दस्तऐवज. तो जुन्या काळी खरोखर चालत होता, याबद्दल वाद नाही. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या अवदगश्त या गावी बेचाळीस हजार दीनारांचा सक्क पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मोरोक्कोतील सिजिलमासाच्या व्यापाऱ्याचे ते येणे होते. वाळवंटात एवढे सोने उंटावर लादून नेण्यापेक्षा कागद नेणे शहाणपणाचे होते. परंतु इंग्रजी शब्दाचा माग काढत गेले तर तो स्थळप्रतीच्या चेककडे आणि तेथून शतरंजच्या शाहकडे जातो, सक्ककडे नाही. सक्कचा मान त्याच्या कामामुळे आहे. त्यासाठी नात्याची ओढाताण करण्याची गरज नाही.

आपल्या देशातही इंग्रजांच्या चेकआधी हुंडी होतीच. दाखवताच पैसे देण्याची ती दर्शनी, मुदतीनंतर देण्याची ती मुद्दती. त्यातच एक शहाजोग हुंडी असे. तिचे पैसे कोणाही उपऱ्या माणसाला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा 'शहा'मार्फतच ती वटत असे. येथे मात्र वाचकांनी फसू नये. हा शहा बादशहातला नाही. तो साधू, साहू, साह या वाटेने आलेला, म्हणजे सचोटीचा व्यापारी. सावकार हा शब्दही त्याच घराण्यातला. दिसायला सारखे असले तरी मूळ वेगळे. आज चेकच्या कोपऱ्यात आपण दोन तिरप्या रेघा ओढतो, त्या हेच काम करतात. असा चेक हातोहात वटत नाही, बँकेच्या खात्यामार्फतच वटतो. पूर्वी शहा होता, आता बँक आहे.

चेक 'वटणे' हा शब्दही हुंडीच्या बाजारातलाच. हुंडी वटवताना जी रक्कम कापली जाई तो वटाव. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने चेकचे नियम बांधले, तेव्हा देशी भाषांतील हुंडीच्या स्थानिक रिवाजांना हात लावला नाही.

चेक मिळाला म्हणजे पैसे मिळाले नव्हे

एवढा फेरफटका मारून आम्ही मुद्द्यावर येतो. मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा. आंबिया आणि मृग बहाराचे बगीचे झाडावरच विकले जातात. बाहेरचा व्यापारी येतो, बयाना देतो, तोड सुरू करतो आणि बाकीच्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक हातात ठेवतो. "सेठ, चेक भेटला, पैसे भेटले," असे म्हणून बागायतदार त्या भरवशावर लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या दुकानी येतो. आम्ही उधारीवर कापड देतो. आमचा चेक अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्याकडे जातो. पहिला चेक परत आला तर मागची सगळी माळ ओघळते. आम्ही अशी माळ ओघळताना एकाहून अधिक वेळा पाहिली आहे. त्यात बगीचा गेला, पैसा गेला आणि वर्षानुवर्षांची बोलचालही गेली.

म्हणून चेक या शब्दाचा जुना अर्थ धरून ठेवावा: थांबा आणि पाहा. चेक हा पैसा नाही. तो खातेदाराने आपल्या बँकेला दिलेला हुकूम आहे. खात्यात रक्कम असेल तर हुकूम पाळला जातो, नसेल तर कागद परत येतो.

चेक हाती येताच पुढील गोष्टी पाहाव्यात. तारीख काय आहे? १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. पूर्वी सहा महिने चालत असे आणि अनेकांच्या डोक्यात अजून तोच हिशेब आहे. पुढची तारीख असेल तर त्या दिवसापर्यंत बँक पैसे देणार नाही. रक्कम अक्षरांत व आकड्यांत सारखी आहे का? फरक असल्यास कायद्याने अक्षरांतली रक्कम धरली जाते, पण असा चेक घेऊच नये. नाव किंवा रक्कम यांत खाडाखोड असेल तर नवा चेक मागावा, दुरुस्तीखाली सही घेऊन भागत नाही. चेक ५०,००० रुपये वा त्याहून मोठा असेल तर देणाऱ्याला आपल्या बँकेस चेकचा तपशील आधी कळवता येतो. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे आणि फार मोठ्या रकमांसाठी बँका तिची सक्तीही करू शकतात. तसे कळवले आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. शक्य असेल तेथे तोड पूर्ण होण्याआधीच रक्कम खात्यात जमा करून घ्यावी.

चेक परत आला तर

१ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणे हा कलम १३८ खाली गुन्हा झाला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खाते बंद केले किंवा पेमेंट थांबवले, एवढ्याने देणारा सुटत नाही, असेही न्यायालयांनी धरले आहे. मात्र चेक खऱ्या देण्यापोटी असला पाहिजे. शिवाय या कायद्याचे दार मुदतीत ठोठावले तरच उघडते. आमचे पुष्कळ लोक हरतात ते येथे. देणारा "उद्या देतो, परवा देतो" म्हणत राहतो, घेणारा भिडेखातर गप्प बसतो आणि मुदत निघून जाते.

मुदती तीन आहेत. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी. नोटीस मिळाल्यापासून देणाऱ्याला १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे न दिल्यास पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी. उदाहरणार्थ, बँकेचा मेमो ५ जानेवारीला मिळाला तर नोटीस ४ फेब्रुवारीपर्यंत गेली पाहिजे. ती समोरच्याला १० फेब्रुवारीला पोचली तर त्याचे १५ दिवस २५ फेब्रुवारीला संपतात. मग वकिलाला गाठून मार्चच्या २० तारखेच्या आत तक्रार दाखल करणे बरे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावे लागते आणि ते मानणे न मानणे न्यायालयाच्या हाती.

२०१५ च्या दुरुस्तीमुळे एक सोय झाली. चेक खात्यात भरला असेल तर आपले खाते ज्या शाखेत आहे, तेथील न्यायालयात तक्रार करता येते. दिल्ली-कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने दिलेल्या चेकसाठी मोर्शीच्या शेतकऱ्याला आता तेथवर जावे लागत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते.

चेक देणाऱ्यांनाही दोन शब्द. आपल्या बुकातली स्थळप्रत भरल्याशिवाय चेक फाडू नये. तारीख, नाव, रक्कम आणि कशापोटी दिला, एवढे तिच्यावर लिहावे. कोरा चेक सही करून कोणाला देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. खात्यात रक्कम येण्याच्या आशेवर चेक लिहू नये. ४ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांनी चेक दिवसभर पुढे पाठवण्याची पद्धत सुरू केली आहे. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी खात्यावर येऊ शकतो. "चेक पोचेपर्यंत दोन दिवसांत पैसे भरू," हा जुना हिशेब आता धोक्याचा आहे.

व्यापारात विश्वास हवाच. त्याच्याशिवाय उधारीचा एक वारही कापड जाणार नाही. पण चेक घेताना तारीख पाहिली, चेक परत आल्यावर वेळेत नोटीस दिली, म्हणून कोणाचा अपमान होत नाही. ज्याचे मन साफ आहे त्याला तपासणीचे वाईट वाटत नाही. आज ज्यांच्या घरी एखादा चेक कपाटात पडून असेल, त्यांनी तो काढून त्यावरची तारीख पाहावी.